पांढऱ्या साडीचं पथ्य

मुकुटबन,
दि. ११ जुलै २०२५

ती. दीपाताईस,
स. जयभीम, वि. वि.

फोन उचलत नाही म्हणून तू रागावली आहेस, हे धम्मरत्न भाऊजींच्या मेसेजवरून कळलं. काय करू? फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मागे तुझ्या खानावळीतली गिऱ्हाइकं रस्सा मागत असतात आणि तू मला आणि त्यांना एकाच आवाजात रागावतेस. म्हणून पत्र. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं. शिवाय व्हिडिओत माझं कपाळ पाहून तू जो चेहरा करतेस, तोही मला दिसत नाही.

कपाळावर केसांच्या कडेनं आता चट्टे आले आहेत. कोपरं आणि गुडघे आधीपासून होतेच. या महिन्यात तळहात फुटले. खडू धरला की भेगांत भुकटी जाते आणि फळ्यावर लिहिताना डोळ्यांत पाणी येतं. पोरांना वाटतं बाई कविता शिकवताना रडतात. त्यामुळे माझा मान वाढला आहे, असो.

पथ्य मी सोडलेलं नाही, उलट वाढवलं आहे. आपल्या राजदीपनं दारू सोडली, पोट उतरवलं, आणि त्याचा सोरायसिस निम्म्यावर आला, हे तूच मला आनंदानं सांगितलं होतंस. मी विचार केला, भावाला एवढं सोडून एवढं मिळालं, तर बहिणीनं जास्त सोडावं. एप्रिलात वांगं बंद केलं तर खरोखर गुडघे निवळले. मग टमाटर आणि मिरची सोडली, मग दूध, मग शेंगदाणे. गेल्या आठवड्यापासून गहूही बंद आहे. आता दुपारी मुगाचं वरण आणि भात. संध्याकाळी काही नाही, कारण काय खावं हेच सुचत नाही.

काल आषाढी पौर्णिमा झाली. वर्षावासाचे तीन महिने सुरू झाले, विहारात ग्रंथवाचन बसलं. मी तिथे पांढरी सुती साडी नेसून गेले होते. खरं कारण तुला म्हणून सांगते. गडद साडीवर डोक्यातली खपली पडली की खांद्यावर पीठ सांडल्यासारखी दिसते. पांढऱ्यावर दिसत नाही. वाचन संपल्यावर चिवड्याच्या प्लेटा फिरल्या, मी हात जोडून नको म्हटलं. तेव्हा आमच्या इथल्या तुळसाबाई, ज्यांच्या शब्दाबाहेर विहारातलं पाखरूही जात नाही, माझ्याकडे एकटक पाहत राहिल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, की या पोरीनं अष्टशील घेतलं, पाहा, पांढरं नेसून राह्यली, दुपारनंतर अन्न नाही, आणि एका शब्दानं कोणाले सांगितलं नाही.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण ताई, त्या बायांनी माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं, की मी खाली मान घातली. त्यांना तो विनय वाटला.

भाऊजींना जयभीम. भांडण काढून जो लोभ उरेल तो माझ्यावर राहू दे.

तुझी,
रुपाली


महागाव,
दि. १९ जुलै २०२५

चि. रुपालीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्यासोबत एक धपाटा. तो इथूनच मारते.

पत्र वाचून आधी मी पोट धरून हसले. तू आणि अष्टशील! लहानपणी पौर्णिमेला विहारात डोळे मिटून बसायला सांगितलं, की एक डोळा उघडा ठेवून चिवड्याचं पातेलं पाहणारी तू. तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं, तेही हसले. मग ते म्हणाले, की दीपा, संध्याकाळी काही नाही, असं लिहिलंय तिनं. तेव्हा माझं हसू गेलं.

राजदीपचं तू अर्धंच ऐकलंस. दारूनं हा आजार चेततो आणि वजन फार असेल तर ते उतरवल्यानं निवळतो, हे त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यानं ते केलं. पण तो जेवतो गं! ज्वारीची भाकर, पालेभाजी, वरण, पोटभर जेवतो. परवा माझ्या खानावळीत येऊन वांग्याची भाजी दोनदा मागून गेला आणि त्याच्या अंगावर काही उठलं नाही. तू दारू कधी प्यायलीस? आणि तुझ्या अंगावर उतरवायला आहे काय?

दुसरं. वांगं तू एप्रिलात सोडलंस. एप्रिलात आपल्याकडे काय असतं? ऊन. आईचे चट्टे आठव. दर उन्हाळ्यात ती बाजेवर ऊन खात बसायची आणि कातडी निवळायची. ढग आले की पुन्हा सुरू. आईनं वांगं जन्मात सोडलं नाही. गुडघे उन्हानं बरे केले आणि नाव वांग्याचं झालं. आता ढग आहेत म्हणून वाढलं, तर तू गव्हाला हाकललंस. उद्या भाताची पाळी येईल. मग काय खाशील, खडू?

मी पाचवी-सहावीत नापास होत होते आणि तू बाई झालीस, तरी हे मला कळतं आणि तुला कळत नाही, याचा मला राग येतो.

इकडे बरं आहे. सोयाबीन बुडापर्यंत हिरवं आहे, लोकांच्या हाती पैसा यायचा आहे, बाजारात गर्दी कमी, त्यामुळे जेवायला माणसं कमी. आशीर्वाद आहेतच, पण ते रिकाम्या पोटी लागू पडत नाहीत, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
दीपाताई


मुकुटबन,
दि. १० ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
स. जयभीम, वि. वि.

तुझं पत्र उशीखाली ठेवलं आहे. रागाचं असलं तरी त्याला तुझ्या फोडणीचा वास येतो. ते वाचून मी एक दिवस पोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मानेवर नवा चट्टा दिसला. तू म्हणशील तो आधीच उगवत होता. असेलही. पण भीती वाटली की हिशेब सुचत नाही, मी पोळी पुन्हा बंद केली.

खरं सांगू का, आता मला न खाण्याचा त्रास होत नाही. दुपारी शाळेतून येते आणि बाजेवर पडते. अंग इतकं हलकं असतं, की पंख्याच्या वाऱ्यानं उचलून नेईल असं वाटतं. खिडकीतून पऱ्हाटीची शेतं दिसतात. कपाशीला पिवळी फुलं लागली आहेत, ती उद्या गुलाबी होतील, परवा गळतील. पाहता पाहता डोळे मिटतात आणि स्वप्नं पडतात. सगळी खाण्याची. काल स्वप्नात वांगी आली होती. देठाच्या टोप्या घालून ओळीनं वर्गात बसली आणि मी हजेरी घेत होते. एकही गैरहजर नव्हतं.

आईही येते. अंगणात बाजेवर बसलेली असते. तिच्या अंगावरून पांढरं काही सुटून हवेत जातं, मला वाटतं कापूस आहे. मी धावत जाऊन ओंजळीत धरते तर ओंजळ रिकामी. आई हसते आणि विचारते, की जेवली का वो? मी हो म्हणते. ताई, स्वप्नातसुद्धा मी तिच्याशी खोटं बोलते.

विहारातलं ऐकशील तर पुन्हा हसशील. आता वाचन माझ्याकडे आलं आहे. तुळसाबाई म्हणतात, की शील पाळणाऱ्याच्या तोंडून ऐकावं. मी वाचायला बसले की बाया लेकरांना गप्प करतात. वाट करून देतात. मला कोणी विचारत नाही, काहून खात नाही, तब्येत बरी नाही का, अंगाले काय झालं. तुला माहीत नाही हे किती सुखाचं असतं. शाळेत सगळे विचारतात. बसमध्ये शेजारची बाई पदर आवरून सरकते. विहारात मात्र मी भिंतीला टेकून बसते, पदर हातावर ओढून घेते, आणि माझा आजार कोणालाच दिसत नाही. त्यांना दिसते ती माझी श्रद्धा, जी माझ्याकडे एवढी नाही.

परवा वाचताना अक्षरं थोडी हलली. घोटभर पाणी प्यायले, थांबली. काळजी नको.

भाऊजींना जयभीम, राजदीपला सांग त्याच्या वांग्यांनी मला हजेरी दिली. माया कमी करू नकोस.

तुझी,
रुपाली


महागाव,
दि. १६ ऑगस्ट २०२५

रुपे,

आशीर्वाद वगैरे आज राहू दे. अक्षरं हलत नसतात, तू हलून राह्यली आहेस.

नीट मराठीत लिहायचं ठरवलं होतं, पण आता रागात माझी बोलीच येते. काहून अशी करून राह्यली तू? कोणासाठी? मले सांग, आईनं तुले जन्म दिला तो असा वाऱ्यावर उडवून द्यायले का? तुले लोकं पदर आवरतात म्हणून तू जेवण सोडशील? लोकांचा पदर अन् तुझं पोट यांचा संबंध काय?

पोळा झाल्यावरच्या सोमवारी खानावळ बंद ठेवते. यवतमाळच्या बसस्थानकावर मी सकाळी उभी राहीन. तू वणीवरून ये. भैरवी मॅडम म्हणून चामडीच्या डॉक्टर आहेत, राजदीपला त्यांनीच बरं केलं, त्यांच्याकडे नंबर लावला आहे. आली नाहीस तर मी मुकुटबनला येईन, आणि थेट तुळसाबाईंच्या घरी जाईन. पुढचं तू समज.

ये गं. मला झोप लागत नाही.

दीपा


मुकुटबन,
दि. १० सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
स. जयभीम, वि. वि.

यवतमाळहून आल्यावर लगेच लिहायचं होतं, पण तुला सांगण्यासारखं काही करून मग लिहावं असं ठरवलं होतं. थोडंसं केलं आहे.

भैरवी मॅडमचं बोलणं मला रोज आठवतं. त्यांनी माझी सोडलेल्या पदार्थांची सगळी कहाणी शांतपणे ऐकली आणि विचारलं, की मग आता तुम्ही कशावर जगता? हा आजार शरीराच्या आतल्या चुकीच्या चेतवणीचा आहे, तो स्पर्शानं दुसऱ्याला लागत नाही आणि एका वांग्यानं येत नाही, असं त्या म्हणाल्या. दारू, तंबाखू, अंगावरची जास्तीची चरबी, हे नक्की त्रास देतात. भाज्या, डाळी, जवस, मासे असं साधं चौफेर जेवण चांगलं, पण त्यानं चमत्कार होत नाही. गव्हाचा त्रास काहींना खरोखर असतो, माझ्या रक्तात तसं काही निघालं नाही. एखाद्या पदार्थाचा संशय आलाच, तर तेवढा एकच काही आठवडे थांबवायचा, मग पुन्हा खाऊन पाहायचं. मी काय केलं, तर घरातल्या सगळ्यांनाच एकेक करून चोर ठरवून कायमचं बाहेर काढलं. रक्त मात्र फार कमी निघालं. मलम रोज लावायचं आणि जेवायचं, असं त्यांनी सांगितलं. तू बाजूला बसून मान हलवत होतीस, तुला जणू खटला जिंकल्याचा आनंद झाला होता.

मलम लावते. कपाळ थोडं मऊ झालं आहे. दुपारी भातासोबत पालेभाजी खाते, दार लावून. घास तोंडापर्यंत नेला की हात थांबतो. इतक्या महिन्यांत अन्नाची जी भीती बसली ती कागदावरच्या रिपोर्टनं जात नाही, ताई. तू समोर होतीस तेव्हा मी भाकर खाल्ली. तू एसटीत बसलीस आणि माझी भूकही तुझ्यासोबत महागावला गेली.

आणि आता एक संकट आलं आहे. आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची समाप्ती होते. त्या दिवशी विहारात खीरदान असतं. बायांनी परवा ठरवलं, की या वर्षी खीर रुपालीबाईंच्या हातून वाटायची. तीन महिने शील पाळलेले हात आहेत, त्या हातची खीर लेकराबाळांच्या मुखी लागावी, असं तुळसाबाई म्हणाल्या. सगळ्यांनी साधु साधु म्हटलं.

हेच हात, ताई. ज्यांना मी पदराखाली ठेवते. वाढताना पदर धरता येत नाही. भेगा, खपल्या, सगळं पातेल्यावर वाकलेलं असेल, आणि समोर लेकरांच्या वाट्या. कोणी वाटी मागे घेतली तर मी तिथेच संपेन. हातमोजे घालावे का? बायका म्हणतील हे काय सोंग. सुट्टी टाकून तुझ्याकडे येऊ का? खोटा आजार सांगावा लागेल, म्हणजे खरा आजार लपवायला खोटा. मला काही सुचत नाही. पळून यावंसं वाटतं.

लोभ आहेच, सल्लाही दे.

तुझी,
रुपाली


महागाव,
दि. २० सप्टेंबर २०२५

चि. रुपालीस,
आशीर्वाद.

पत्र आलं त्या दिवसापासून मी लिहायला बसते आणि उठते. कोणी वाटी मागे घेणारच नाही, असं मी तुला कसं सांगू? मी खानावळ चालवते. लोक काय काय पाहतात ते मला ठाऊक आहे. आडनाव ऐकून अर्ध्या घासावरून उठलेला माणूस मी पाहिला आहे. तो उठला, मी त्याचं ताट उचललं, बाकीच्यांना वाढलं. ते अर्धं ताट दिवसभर डोळ्यांसमोरून हललं नाही. पण वाढलं.

तू येते म्हणालीस तर माझं दार उघडं आहे, हे सांगायलाही नको. पण यवतमाळला बसस्थानकावर तू एसटीतून उतरलीस आणि हात वर केलास, तेव्हा तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. मी तुला म्हटलं, चहा घेऊन येते. चहा नव्हता आणायचा मला. भिंतीआड उभी राहून रडले.

बाकी तू बायांना सांग, नको सांगू, हातमोजे घाल, पळून ये. मला त्याचं काही नाही. मला तू जेवलेली हवी आहेस. आई गेली तेव्हा तू माझ्या कुशीत झोपायचीस आणि मी मोजायची नाही की तू किती जड झालीस. आता वाटतं, जड हो गं बाई. माझा हात अवघडू दे.

तुझी,
दीपाताई


मुकुटबन,
दि. ८ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
स. जयभीम, वि. वि.

काल पौर्णिमा झाली. मी पळाले नाही.

विहारासमोर मांडव घातला होता, मोठ्या पातेल्यात खीर होती, वेलचीचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता. ऊन इतकं मऊ होतं, की सगळं थोडं दूरचं वाटत होतं, माझ्या दुपारच्या स्वप्नांतल्यासारखं. वंदना झाली. शेवटचं पान मी वाचलं. मग तुळसाबाईंनी ओगराळं माझ्या हाती दिलं आणि लेकरं रांगेत उभी राहिली.

मी पदर खोचला. बाह्या वर केल्या. आणि बोलले. काय बोलायचं ते रात्रंदिवस घोकलं होतं, त्यातलं काहीच आठवलं नाही. मी सांगितलं, की मी अष्टशील घेतलेलं नाही. मला सोरायसिस आहे, खपली दिसू नये म्हणून पांढरं नेसते, आणि अंगावर उठेल या भीतीनं खात नाही. तुम्ही शील म्हणालात, मी गप्प बसले, कारण मला ते आवडलं. हे माझे हात. हा आजार लागत नाही, डॉक्टरांनी सांगितलं आहे. पण ज्यांना माझ्या हातचं नको असेल त्यांना दुसरं कोणी वाढेल.

मागे उभ्या असलेल्या एका सुनेनं आपल्या लेकीला हळूच रांगेतून ओढलं आणि ती निघून गेली. ती मुलगी मागे वळून पातेल्याकडे पाहत होती. तुला सांगितलं होतं ना, कोणी वाटी मागे घेतली तर मी तिथेच संपेन. मी संपले नाही. पण ते दुखलं, खूप दुखलं.

मग तुळसाबाई उठल्या. त्या भडकल्या होत्या. सगळ्यांदेखत म्हणाल्या, की खोटं बोलू नये हे पंचशीलातलं चौथं आहे, लहान लेकरालेही पाठ असते, अन् तू बाई असून तीन महिने ते मोडत बसली. मी मान खाली घातली, या वेळी विनय म्हणून नाही. त्या पुढे म्हणाल्या, की त्याचं आपण नंतर पाहू, तुले मी सोडत नाही. पण हाताचं काय सांगून राह्यली आम्हाले? माझ्या बापानं परक्याच्या विहिरीवर वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं पिलं. कोणाच्या हातचं खाणार नाही म्हणणारं ते घर आपण छप्पन साली सोडून आलो. ते मांडवात परत कोणी आणायचं नाही.

आणि त्यांनी स्वतःची वाटी पुढे केली. लेकरांच्या आधी, रांग मोडून.

ताई, मी वाढलं. ओगराळं जड होतं, भेगा ताणल्या, एक फुटली आणि थोडं रक्त आलं. ते मी पुसलं, पट्टी बांधली आणि पुन्हा वाढलं. वाट्या येत राहिल्या. कोणी माझ्या हातांकडे पाहिलं, कोणी नाही. एका मुलानं विचारलं, की दुखते का बाई, मी हो म्हटलं, तो म्हणाला मग थोडी कमी टाका. शेवटी तुळसाबाईंनी मला समोर बसवलं आणि मी खाईपर्यंत त्या हलल्या नाहीत. दूध होतं, साखर होती. मी घाबरत घाबरत पहिला घास घेतला. दुसरा घेताना घाबरायचं विसरले.

आज सकाळी आरशात पाहिलं. चट्टे आहेत तिथेच आहेत, वाढले नाहीत, कमीही झाले नाहीत. मॅडम म्हणाल्या होत्या, हे येत-जात राहील. येऊ दे. मलम लावून शाळेत गेले.

शाळेत पोषण आहार मुलांना देण्याआधी एका शिक्षकानं चव घ्यायची असते. माझी पाळी मी किती महिने दुसऱ्यांच्या गळ्यात घालत होते, ते कोणी तुला सांगू नये. आज मी स्वयंपाकघरात गेले. जमनीबाई खिचडी ढवळत होत्या, त्यांनी सवयीनं चमचाभर बशीत घातली आणि साळुंके सरांना हाक मारायला वळल्या. मी म्हटलं, सरांना राहू द्या. चमचा तोंडात घातला. गरम होती, हळद होती, टमाटर होतं, मिरचीही होती.

मग मी ताट घेतलं, मुलांच्या पंगतीत शेवटी बसले आणि जेवले. ताट रिकामं झालं. जमनीबाई पुढच्या मुलाकडे निघाल्या होत्या. मी त्यांना थांबवलं आणि अजून वाढा म्हणाले.

तुझ्या मायेची भुकेली,
रुपाली